प्रत्येक पदार्थाची टाकी वेगळी

पाटा-वरवंटा घरोघरी होता तेव्हाची गोष्ट. वर्षा-दोन वर्षांनी दारावर टाकी लावणारी बाई येई. आजी पाटा अंगणात काढून देई. बाई आधी पाट्यावरून तळहात फिरवी आणि मग छिन्नी-हातोडी घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक टोचे मारीत जाई. तासाभरात गुळगुळीत पाटा पुन्हा खरखरीत होई. गुळगुळीत पाटा दिसायला छान, पण त्यावर मिरची नुसती पुढे-मागे सरकते, वाटली जात नाही. पाट्याची खरखर ही नक्षी नव्हती, ते पाट्याचे काम होते. हे तेव्हा घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे.

नेमका हाच प्रश्न गेली साठ वर्षे एका अगदी वेगळ्या वस्तूपुढे उभा आहे. ती वस्तू म्हणजे रायफलीचा दस्ता. शतकानुशतके दस्ता लाकडाचा होता आणि लाकडाला खरखर कशी द्यायची हे कारागिरांना पक्के माहीत होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दस्ता प्लॅस्टिकचा झाला, गुळगुळीत झाला आणि हातातून सरकू लागला. मग त्याला पुन्हा टाकी लावायची कशी, याचा शोध सुरू झाला. ही कथा मुख्यतः अमेरिकेतली आहे, कारण तिथे दस्त्याची डागडुजी घरच्या कार्यशाळेत, रविवारच्या दुपारी होते. पण तिच्यामागची कारणे हातात धरायच्या कोणत्याही वस्तूला लागू पडतात.

आधी दस्ता काय करतो ते पाहू. दस्त्याचे मागचे टोक खांद्याला टेकते, मधली निमुळती मूठ उजव्या हातात येते, अग्रभाग डाव्या तळहातावर विसावतो आणि वरच्या कडेला गाल टेकतो. शरीर आणि नळी यांच्यातला सगळा संबंध या चार जागांतून जोडला जातो. हा संबंध किती नाजूक असतो, त्याचा हिशेब सोपा आहे. ऑलिंपिकमधल्या ५० मीटर रायफल स्पर्धेत लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.२ मिलिमीटर. पन्नास मीटरवरचे हे अंतर एक मीटर लांबीच्या रायफलीवर मोजले, तर ते भरते एक दशांश मिलिमीटर. साध्या कागदाची जाडी तेवढीच असते. मुठीतला हात गोळी सुटण्याच्या क्षणी घसरला आणि नळीचे तोंड कागदाच्या जाडीएवढे हलले, तर गोळी मध्यापासून दहाच्या कडेवर जाते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले, ते याच हिशेबात बसून. या दर्जाच्या स्पर्धेतल्या रायफलींचा दस्ता आज बहुधा अॅल्युमिनियमचा असतो, पण हाताची मूठ मात्र अजूनही बहुधा लाकडाचीच असते आणि तिच्यावर बारीक टोचे मारलेले असतात. जगातल्या सर्वांत अचूक बंदुकीलाही टाकी लागते, ती अशी.

लाकडी दस्त्यासाठी सर्वांत मानाचे लाकूड अक्रोडाचे. ते घट्ट असते, फार जड नसते आणि बारीक कोरकाम सहन करते. त्यावर कारागीर तिरक्या समांतर रेषा कोरतात आणि त्यांना छेदणाऱ्या दुसऱ्या रेषा कोरतात. दिवाळीत लाटलेल्या पोळीवर कातण फिरवून शंकरपाळे कापतात, तीच रचना. फरक एवढाच की इथे प्रत्येक रेषा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असते, त्यामुळे दोन खाचांमधले प्रत्येक शंकरपाळे टोकदार मनोऱ्यासारखे वर येते. या शंकरपाळ्याची लांबी रुंदीच्या साधारण साडेतीन पट ठेवायची अशी जुनी रीत आहे. शिकारीच्या रायफलीवर एका इंचात १८ ते २४ रेषा बसवतात. त्याहून दाट रेषा शोभिवंत दिसतात, पण टोके इतकी बारीक होतात की लवकर झिजतात आणि पकडही कमी देतात. हाताने अशी जाळी कोरायला कित्येक तास लागतात आणि एक रेषा चुकली की पुढच्या सगळ्या रेषा तिच्यामागे वाकड्या जातात.

कारखान्यांना हे तास परवडेनासे झाले. १९६२ मध्ये रेमिंग्टनने आपल्या मॉडेल ७०० या रायफलीवर आणि १९६४ मध्ये विंचेस्टरने आपल्या प्रसिद्ध मॉडेल ७० वर जाळी कोरण्याऐवजी ठसा दाबून उमटवायला सुरुवात केली. ठशाने लाकूड कापले जात नाही, चेपले जाते. कोरलेल्या जाळीत शंकरपाळे वर येते. दाबलेल्या जाळीत त्याच्या जागी खळगा पडतो. दुरून दोन्ही सारखेच दिसते, हातात धरल्यावर फरक कळतो. टोके नसलेली, तंतू चेपून चोपडी झालेली ती जागा हाताला पकड देत नव्हती. विंचेस्टरच्या त्या वर्षीच्या बदलांवर ग्राहक इतके नाराज झाले की ‘चौसष्टच्या आधीची’ ही अमेरिकेतल्या जुन्या बंदुकांच्या बाजारात आजही वेगळी किंमत मिळवणारी ओळख आहे. बदल बरेच होते, पण दाबलेली जाळी हा त्यातला सर्वांच्या डोळ्यांत आणि हातात खुपणारा बदल होता. खरखर ही शोभा आहे असे समजून केलेले काम कसे फसते, याचे हे उत्तम उदाहरण.

त्याच सुमारास लाकूडच हद्दपार होऊ लागले होते. लाकूड हवेतला दमटपणा पिते, फुगते, सुकले की आकसते, कधी पीळ धरते. पावसाळ्यात आपले दरवाजे चौकटीत अडकतात, तेच दस्त्याचेही होते. फरक असा की दरवाजा अडकला तर रंधा मारता येतो. दस्ता फुगून नळीला एका बाजूने टेकला तर रायफल वेगळ्याच जागी मारू लागते. व्हिएतनामच्या दमट जंगलात अमेरिकी सैन्याला याचा पुरेपूर अनुभव आला. १९६६ पासून मरीन दलाने वापरलेल्या एम ४० या नेमबाजांच्या रायफलीचे लाकडी दस्ते तिथे वाकत होते. १९७० च्या दशकात आलेल्या तिच्या सुधारित रूपाला म्हणूनच फायबरग्लासचा दस्ता बसवण्यात आला.

नागरी बाजारात सुरुवात त्याआधी झाली होती. नायलॉन ६६ हा पदार्थ ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने १९३५ मध्ये तयार केला. तो ज्या दोन रसायनांपासून बनतो, त्यांच्या प्रत्येकी एका रेणूत कार्बनचे सहा अणू असतात, म्हणून ६६. रेमिंग्टन ही तेव्हा ड्यूपाँच्याच मालकीची कंपनी होती. तिने १९५९ मध्ये दस्ता आणि मुख्य चौकट नायलॉनची असलेली .२२ रायफल बाजारात आणली आणि तिचे नावही नायलॉन ६६ च ठेवले. लोकांचा प्लॅस्टिकवर विश्वास बसावा म्हणून कंपनीचे टॉम फ्राय यांनी त्याच वर्षी हवेत फेकलेल्या लाकडाच्या १,००,०१० ठोकळ्यांवर गोळ्या झाडल्या. त्यांचे फक्त सहा नेम चुकले. रायफल उत्तम होती. पण तिच्या दस्त्याकडे नीट पाहिले तर एक गंमत दिसते. मूठ आणि अग्रभाग यांवर साच्यातून आलेली शंकरपाळ्यांची जाळी आहे. पदार्थ नवा होता, पण त्याने अंगरखा लाकडाचाच घातला होता.

ही नक्कल पुरेशी का नाही, हे समजायला आधी त्वचेचे घर्षण समजून घ्यावे लागते. शाळेत आपण शिकतो की घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते आणि पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. फ्रान्सच्या आमोंतोंने १६९९ मध्ये मांडलेला हा नियम लाकूड, दगड, धातू यांना लागू आहे. तळहाताची मऊ त्वचा मात्र रबरासारखी वागते. ती जितकी जास्त टेकते तितकी जास्त धरते. २००९ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या रोलंड एनोस यांनी बोटांचे ठसे अॅक्रिलिकच्या गुळगुळीत पट्टीवर घासून पाहिले. ठशांच्या रेषांमुळे पट्टीला टेकणारी त्वचा सुमारे एक तृतीयांशाने कमी होते आणि गुळगुळीत पृष्ठभागावर ठसे पकड वाढवत नाहीत, असे त्यांना आढळले. म्हणजे कोरड्या, स्वच्छ हाताला गुळगुळीत प्लॅस्टिक वाईट नाही, उलट चांगलेच चिकटते.

बिघडते ते पाणी आले की. थोडा ओलावा त्वचेला मऊ करतो आणि पकड वाढवतो. कुदळ उचलण्याआधी मजूर तळहातावर थुंकी चोळतो, त्याला हे शास्त्र न सांगता ठाऊक असते. पण घाम, पाऊस, तेल किंवा चिखल यांचा सलग थर हात आणि दस्ता यांच्यामध्ये आला की त्वचा दस्त्याला टेकतच नाही, ती थरावर तरंगते. ओल्या फरशीवर चप्पल घसरते ती याच कारणाने. लाकडाची रंध्रे थोडे पाणी शोषून घेत. प्लॅस्टिक थेंबभरही लगेच शोषत नाही. म्हणून दस्त्यावरच्या खरखरीची कामे दोन. पहिले, उंचवट्यांनी पाण्याचा थर फोडायचा आणि खळग्यांतून त्याला वाट द्यायची. दुसरे, मऊ त्वचेला किंवा हातमोज्याच्या कापडाला रुतायला जागा द्यायची.

मग कारखाना साच्यातूनच खोल खरखर का देत नाही? कारण साचा उघडावा लागतो. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबतात, थिजल्यावर साचा बाजूला सरकतो. पृष्ठभागावर खोल खळगे असतील तर साच्याचे दात त्यांत अडकतात आणि वस्तू ओरबाडली जाते. इडलीपात्राच्या वाट्या वर पसरट असतात म्हणून इडली अख्खी निघते, तसाच साच्याच्या भिंतींना उतार द्यावा लागतो. खरखरीच्या दर ०.०२५ मिलिमीटर खोलीमागे एक ते दीड अंश उतार वाढवायचा, असा साचेकारांचा ठोकताळा आहे. दस्त्याच्या बाजू जवळजवळ उभ्या असतात. पकडीची गरज तिथेच सर्वांत जास्त आणि तिथेच साच्याला खोल खरखर देणे सर्वांत अवघड. स्वस्त दस्ता म्हणून चोपडा राहतो. मग उरलेले काम वापरणारा स्वतः करतो.

त्याच्यापुढे रस्ते तीन. असलेला पदार्थ वितळवून टोचे मारणे, वरून खरखरीत थर देणे, किंवा तयार पट्टी चिकटवणे. कोणता रस्ता घ्यायचा हे आवडीवर नाही, दस्ता कोणत्या प्लॅस्टिकचा आहे यावर ठरते. बहुतेक दस्ते दोन जातींचे असतात, काचेचे तंतू मिसळलेले नायलॉन किंवा त्याहून स्वस्त पॉलिप्रोपिलीन. अनेक प्लॅस्टिकच्या भागांवर आतल्या बाजूला जात कोरलेली असते. पीए ६६ जीएफ ३० म्हणजे ३० टक्के काच मिसळलेले नायलॉन ६६, पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन. खूण नसेल तर स्वच्छ धुतलेल्या दस्त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. पॉलिप्रोपिलीनवर तो अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोल उभा राहतो, नायलॉनवर जरा पसरतो.

टोचे मारायला सोल्डरिंग आयर्न वापरतात. तापलेले टोक क्षणभर टेकवायचे आणि उचलायचे, शेकडो वेळा. टाकीवालीचेच काम, फक्त हातोडीच्या जागी उष्णता. नायलॉन ६६ सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि काच मिसळलेली असल्याने वितळतानाही घट्ट राहते, त्यामुळे टोचा रेखीव उमटतो. पॉलिप्रोपिलीन १६० ते १६५ अंशांतच वितळते, टोकाला चिकटते आणि उचलताना तार सुटते. म्हणून तापमान कमी-जास्त करता येणारेच आयर्न हवे. दस्त्याची भिंत अनेकदा काही मिलिमीटरचीच असते, तेव्हा टोचा उथळ ठेवावा लागतो. धूर छातीत जाऊ नये म्हणून काम उघड्यावर करायचे. आणि हे काम परत फिरवता येत नाही. आधी दस्त्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर हात बसवून घेणे हा एकच विमा.

दुसरा रस्ता थराचा. अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून पॉलियुरेथेनचा खरखरीत थर फवारतात, तोच तिथल्या लोकांनी दस्त्यावर आणला. दुसरे लोक इपॉक्सीचा पातळ हात देऊन त्यावर कुरुंदाचे बारीक कण भुरभुरवतात. मला सर्वांत आवडलेली युक्ती होड्यांच्या दुनियेतली आहे. डेकवर पाय घसरू नये म्हणून ओल्या रंगावर साखर पेरतात आणि रंग वाळला की पाण्याने धुऊन टाकतात. साखर विरघळते, तिच्या जागी खळगे उरतात. कण वर आलेले असले तर तळहात सोलतात. खळगे पकड देतात, पण बोचत नाहीत.

पण थर टिकतो का, हा खरा प्रश्न. हा धडा मी एका जुन्या एअर रायफलीवर शिकलो. दस्ता पॉलिश पेपरने घासला, रंगाच्या डब्यातून सुरेख खरखरीत थर फवारला, आठवडाभर मिरवला. पहिल्याच पावसात हाताखालून थर पापुद्र्यासारखा सुटून आला आणि डाव्या तळहातावर अख्खी रायफल फिरली. नशिबाने ती रिकामी होती. चुका दोन झाल्या होत्या. साच्यातून वस्तू सहज निघावी म्हणून वापरलेल्या तेलकट द्रव्याचा अंश दस्त्यावर राहू शकतो. मी न धुता घासले आणि तो अंश ओरखड्यांत आणखी आत ढकलला. आधी धुवायचे, मग घासायचे आणि मग पुन्हा पुसायचे, हा क्रम उलटला की सगळे फुकट.

दुसरी चूक पदार्थ न ओळखण्याची. द्रव एखाद्या पृष्ठभागावर पसरून चिकटण्यासाठी त्या पृष्ठभागाची ऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणापेक्षा जास्त असावी लागते. पॉलिप्रोपिलीनची ही ऊर्जा सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर, नायलॉन ६६ ची चाळिसाच्या वर. इपॉक्सीचा पृष्ठताण या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात किंवा नायलॉनच्या जवळ पडतो. म्हणून तेच इपॉक्सी नायलॉनला धरते आणि पॉलिप्रोपिलीनवरून सुटते. माझा दस्ता पॉलिप्रोपिलीनचा होता. गाड्यांचे बंपर याच जातीचे असतात आणि ते रंगवणारे डेंटिंग-पेंटिंगवाले त्यावर थेट रंग मारत नाहीत. आधी प्लॅस्टिकसाठीचा खास प्रायमर देतात. कारखान्यात ज्योत पटकन फिरवून पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार करतात, त्यानेही रंग धरतो. जे ज्ञान कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये होते, ते मी विचारायला गेलो नाही.

तिसरा रस्ता सर्वांत साधा. खरखरीत रबरी पट्टी मापाने कापून चिकटवायची. ती झिजते, कडा सुटतात, पण नको झाली की काढता येते. दस्ता भाड्याचा, क्लबचा किंवा दुसऱ्याचा असेल तर हाच रस्ता शहाणपणाचा.

रस्ता कोणताही असो, खरखर कुठे नको हे आधी ठरवून त्या जागा मास्किंग टेपने झाकाव्यात. गाल टेकतो ती कड गुळगुळीतच हवी. प्रत्येक धक्क्यासरशी तिथली खरखर गालाचे साल काढते आणि मग नेमबाज नकळत मान मागे घेऊ लागतो. अग्रभागाखालचा जो पट्टा वाळूच्या पिशवीवर टेकतो, तोही एकसारखा मागे सरकायला हवा. म्हणजे एकाच दस्त्यावर दोन हातांच्या दोन जागा खरखरीत आणि गाल, पिशवी यांच्या जागा चोपड्या. पाट्यालाही टाकी वाटायच्या बाजूनेच लावतात.

काम सुरू करण्याआधीची पथ्ये सांगायलाच हवीत. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा पाहायचे, नळी आणि यंत्रणा दस्त्यातून पूर्ण वेगळी करायची आणि मगच दस्ता टेबलावर घ्यायचा. काच मिसळलेला दस्ता घासताना उडणारी धूळ फुप्फुसाला आणि त्वचेला त्रास देते, तेव्हा तोंडाला मास्क लावून, पाणी लावलेल्या पेपरने घासावे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्रावरचा क्रमांक किंवा ओळखचिन्ह खोडणे, बदलणे हा गुन्हा आहे. परवान्याच्या शस्त्रावर रंगाचा हात फिरवताना हे विसरून चालणार नाही.

लाकडाला कोरीव जाळी मानवते, कारण त्याचे तंतू कापले की टोक धरतात. तेच लाकूड ठशाने चेपले की हिरमुसते. नायलॉन उष्णतेचा टोचा घेते, पॉलिप्रोपिलीन प्रायमरशिवाय काहीच धरून ठेवत नाही. विंचेस्टरची १९६४ मधली चूक आणि माझी पावसातली फजिती या दोन्हींचे कारण एकच होते. दोघांनीही डोळ्याला काय दिसेल याचा विचार केला, हातातल्या पदार्थाला काही विचारले नाही.

आजीच्या पाट्याला टाकी लावणारी बाई छिन्नी उचलण्याआधी पाट्यावरून तळहात फिरवी, ते मला तेव्हा कळले नव्हते. दगड कुठे मऊ, कुठे कडक आणि कुठे झिजून खोल गेला आहे, हे ती हाताने पाहत होती. मग ती आजीला विचारी, यावर मसाला जास्त वाटता की डाळ? आणि त्याप्रमाणे टाकी बारीक किंवा भरड लावी.